देवनागरी स्क्रिप्टिंग भाषेसाठी फ्लेक्स वापरण्याआधीची तयारी

जर, तर, नाहीतर, जोवर, छाप, संपले. सहा कीवर्डांची छोटी स्क्रिप्टिंग भाषा करायची, व्हेरिएबलांची नावे मराठीत किंवा कोंकणीत लिहू द्यायची, आणि स्कॅनर (कोडचे टोकनांत, म्हणजे सुट्या शब्दांत, तुकडे करणारा भाग) हाताने न लिहिता फ्लेक्सकडून (रूल्सवरून, म्हणजे पॅटर्नच्या नियमांवरून, स्कॅनरचा सी कोड लिहून देणारे साधन) काढून घ्यायचा, असा बेत असेल तर रूल्सची फाइल उघडण्याआधी बरेच काही हाताशी हवे. लेक्स, म्हणजे फ्लेक्सच्या आधीचे तसेच साधन, १९७५ चे, फ्लेक्स १९८७ च्या सुमाराचे. दोघांच्याही लेखी एक अक्षर म्हणजे एक बाइट. निम्मी तयारी त्यापायीच करावी लागते.

इन्स्टॉलचे काम घरी, नेट असताना उरका. पावसाळ्यात गोव्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, फर्मागुडीच्या टेकडीवर काय किंवा वेर्ण्याच्या पठारावर काय, ऐन प्रॅक्टिकलला वीज आणि नेट दोन्ही असतील हे धरून चालू नका. उबुंटूवर फ्लेक्स, बायसन (पार्सर, म्हणजे टोकनांची रचना तपासणारा भाग, काढून देणारे साधन), जीसीसी हा सी कंपायलर आणि मेक एवढे पुरते. पॅकेजे पेनड्राइव्हवरून नेणार असाल तर एम-फोर हा मॅक्रो-प्रोसेसर सोबत घ्या; फ्लेक्स आपला सी कोड त्यातून गाळूनच बाहेर देतो, त्यामुळे ते नसले की गाडी तिथेच अडते. फ्लेक्सची आवृत्ती २.६.४ असली की झाले. रूल्स फाइलच्या डोक्यावर नोवायवायरॅप, नोडिफॉल्ट आणि वायवायलाइननो (ओळ क्रमांक मोजणारा) हे तीन ऑप्शन आधीच लिहून ठेवा. पहिल्यामुळे लिंक करताना फ्लेक्सची वेगळी लायब्ररी लागत नाही. दुसरा नसेल तर कुठल्याच रूलमध्ये न बसलेला मजकूर फ्लेक्स गुपचूप स्क्रीनवर ओततो आणि तो आपल्याच छापचा आउटपुट वाटतो. नोडिफॉल्ट दिल्यावर मात्र सगळ्यात शेवटी एकट्या टिंबाचा (नव्या ओळीखेरीज कुठल्याही एका बाइटला जुळणारा) रूल हवा. त्यात ओळ क्रमांक आणि नडलेल्या बाइटची किंमत छापा.

आता बाइटांचा तक्ता. तो कागदावरच करा. यूटीएफ-८ (युनिकोडची चिन्हे बाइटांत लिहिण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, तीन बाइटांचे असते. ऑक्टलमध्ये (आठाच्या पायावरच्या अंकांत) पहिला बाइट ३४०, दुसरा २४४ किंवा २४५, तिसरा २०० ते २७७. फ्लेक्समध्ये हे बॅकस्लॅश देऊन इंग्रजी अंकांत लिहायचे. चौकटी कंसात सरळ ‘क-ह’ लिहिले तर काय होते ते आधी समजून घ्या, कारण फ्लेक्स त्यावर एरर देत नाही, साधी वॉर्निंगही नाही. त्याला कंसात सहा सुटे बाइट दिसतात आणि मधली रेघ २२५ पासून ३४० पर्यंतची रेंज ठरते. मडगाव हे नाव त्यातून अख्खे पार होते, कारण त्यातला प्रत्येक बाइट योगायोगाने त्या रेंजमध्ये आहे. पणजी अडते: दीर्घ ईकाराचा शेवटचा बाइट २००, तो रेंजबाहेर. टोकन अक्षराच्या मधोमध तुटते आणि टर्मिनलवर प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. फक्त मडगाव लिहून चाचणी केली तर हे कळणारच नाही.

म्हणून नावाचे पहिले अक्षर असे बांधा: ३४०, २४४ आणि मग २०४ ते २७१, म्हणजे स्वर आणि व्यंजने. त्याला ॲ जोडा, तो वेगळ्या कप्प्यात आहे: ३४०, २४५, २६२. रोमन अक्षरे आणि अंडरस्कोर हवे असतील तर तेही इथेच. पुढच्या अक्षरांसाठी २४४ च्या खालचे सगळे आणि २४५ च्या खालचे दंड (।) व दुहेरी दंड (॥) (तिसरा बाइट २४४ आणि २४५) वगळून सगळे. मात्रा आणि हलन्त इथे विसरलात तर ‘तरी’ या व्हेरिएबलातून तर हा कीवर्ड सुटा पडतो आणि दीर्घ ईकार अनाथ उरतो. पार्सर मग भलत्याच जागी तक्रार करतो.

पीएचपीने सोपा मार्ग धरला आहे: १२८ पासूनचा प्रत्येक बाइट अक्षरच मानायचा. दोन ओळींत काम होते. पण मग व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून चिकटवलेल्या कोडमधली न तुटणारी स्पेस आणि वळणदार कोटही नावात शिरतात. शिकणाऱ्यांसाठीच्या भाषेला हा मार्ग घेऊ नये असे आमचे मत. पीएचपीचा स्कॅनर ५.३ पासून फ्लेक्स सोडून आरई-टू-सी या दुसऱ्या स्कॅनर काढून देणाऱ्या साधनावर गेला. आरई-टू-सीमध्ये यूटीएफ-८ चा पर्याय आहे आणि त्यामुळे ही बाइटमोजणी टळते, पण बफर भरण्याचे काम आपल्या गळ्यात येते. पहिल्या स्कॅनरला फ्लेक्सच बरे.

खरी डोकेदुखी आहे दिसायला एक आणि बाइटांनी दोन असलेल्या नावांची. ‘तऱ्हा’ मधला ऱ्ह काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त असा लिहितात, काही र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) असा. एकाने व्हेरिएबल केले, दुसऱ्याने वापरले, आणि स्कॅनरच्या लेखी ती दोन नावे. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन हे मिटवत नाही. तेव्हा जॉइनरला (३४२, २००, २१५) नावात परवानगी द्या आणि सिंबल टेबलात (व्हेरिएबलांची नावे साठवणाऱ्या तक्त्यात) घालण्याआधी र-हलन्त-जॉइनर दिसले की ऱ-हलन्त करा. ऱ चा शेवटचा बाइट २६१, र चा २६०. तसेच अ वर चंद्र देऊन लिहिलेला ॲ दिसला की एकसंध ॲ करा. एवढ्या दोन दुरुस्त्या पुरतात. बाकी ठिकाणचा जॉइनर काढून टाका.

हे बदल वायवायटेक्स्टवर (नुकताच जुळलेला मजकूर दाखवणाऱ्या फ्लेक्सच्या पॉइंटरवर) करू नका, आधी त्याची स्ट्रिंग-कॉपी घ्या. ते फ्लेक्सच्या बफरमधले बोट आहे, पुढच्या टोकनला सरकते. नुसता पॉइंटर ठेवला की टेबलातली नावे मागाहून बदललेली दिसतात.

देवनागरी अंकांना वेगळा रूल हवा: ३४०, २४५ आणि २४६ ते २५७. सी भाषेची संख्या वाचणारी फंक्शने ‘५०’ ला शून्य म्हणतात, म्हणून तिसऱ्या बाइटमधून १६६, म्हणजे ऑक्टल २४६, वजा करून किंमत स्वतः काढा. कीवर्डांचे रूल व्हेरिएबलाच्या नावाच्या रूलच्या वर ठेवा. ‘तरंग’ ची भीती नको, फ्लेक्स सर्वांत लांब जुळणी घेतो. क्रम पाहतो तो लांबी सारखी असेल तेव्हाच.

स्ट्रिंगसाठी कोट, टिंब-तारा, कोट असा पॅटर्न मोहात पाडतो. छाप "साखळी", "वाळपई" या ओळीत तो पहिल्या कोटापासून शेवटच्या कोटापर्यंत सगळे गिळतो. एक्सक्लुझिव्ह स्टार्ट कंडिशन (जी चालू असताना फक्त तिचेच रूल लागतात) घ्या. त्यात पाच रूल लागतात: बंद करणारा कोट, बॅकस्लॅशचे प्रकार, नवी ओळ, फाइलचा शेवट आणि उरलेले सगळे. फाइलच्या शेवटचा रूल राहिला की न मिटलेल्या कोटाची चूक कुणीच सांगत नाही. स्ट्रिंग सुरू झाली ती ओळ जपून ठेवा, एररमध्ये तीच छापा. स्ट्रिंगमध्ये १२८ च्या वरचे सगळे बाइट चालू द्या. पोर्तुगीज नावांतले शेपटीवाले सी आणि लाटेचा ए गोव्याच्या कुठल्याही यादीत येणारच, आणि ते दोन बाइटांचे असतात.

एररखाली बाण काढायचा हट्ट सोडा. ‘फर्मागुडी’ डोळ्याला चार अक्षरे, चिन्हे नऊ, बाइट सत्तावीस. ओळ क्रमांक आणि कोटात ते टोकन, एवढे पुरे.

चाचणीची फाइल रूल्सच्या आधी तयार असू द्या. तिच्यात मडगाव, पणजी, दोन्ही तऱ्हांचे ‘तऱ्हा’, ‘तरी’, ५० आणि 50, मधेच सुटलेला दंड, न मिटलेला कोट आणि विंडोजच्या ओळसमाप्तीची एक ओळ घाला. तिची दुसरी प्रत सुरुवातीला बीओएम हे न दिसणारे चिन्ह (३५७, २७३, २७७) ठेवून सेव्ह करा. जुन्या नोटपॅडमधून अशा फाइली येतात आणि पहिलाच जर ओळखला जात नाही.

एकेक ओळ टाइप करून चालवायची सोय देणार असाल तर प्रत्येक ओळीआधी स्टार्ट कंडिशन इनिशियलवर (मूळ स्थितीवर) आणि ओळ क्रमांक १ वर स्वतः आणा. नवा बफर दिल्याने फ्लेक्स यातले काहीच करत नाही, आणि मागच्या ओळीतला उघडा कोट पुढची बरोबर लिहिलेली ओळही गिळतो.