जुन्या कॅसेटमधलं लग्न यूट्यूबवर टाकताना एक्सपोर्टच्या सेटिंग्ज कशा ठेवाव्यात

कॅसेट संगणकात उतरवून झाली आहे आणि हँडब्रेक हे व्हिडिओ फाइल हव्या त्या रूपात बदलून देणारं मोफत सॉफ्टवेअर बसवलेलं आहे, असं धरून चालतो. सांगली-मिरजेकडची नव्वदच्या दशकातली आणि त्यानंतरच्या काही वर्षांतली लग्नं, मुंजी, गणपतीच्या मिरवणुका बहुतेक व्हीएचएस किंवा मिनी-डीव्हीवर आहेत. २००५ आणि २०१९ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथल्या कॅसेट गेल्या. ज्या वाचल्या, त्यांचं चित्र निदान चढवताना तरी खराब होऊ नये.

आधी फाइल कुठून आली ते बघा. व्हीसीडी असेल तर चित्र फक्त ३५२ × २८८ चं असतं आणि त्यात इंटरलेसिंग, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं गुंफणं, नसतं. पुढचा मोठा भाग सोडून थेट आकारावर जा. कॅसेट किंवा डीव्हीडी असेल तर चित्र ७२० × ५७६ चं असतं, आणि खरा घोळ तिथेच आहे.

आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रं एकमेकांत गुंफलेली असतात: एक विषम ओळींचं, दुसरं सम ओळींचं, मध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. जुना टीव्ही ही फील्ड एकामागोमाग एक दाखवायचा, म्हणून हालचाल लोण्यासारखी दिसायची. संगणक दोन्ही एकदम दाखवतो. मग लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांच्या कडेला आडवे दाते दिसतात, आणि कॅमेरा आयर्विन पुलावरून फिरला की कमानींच्या कडा फाटतात.

फाइल तशीच चढवली तर ते दाते कायमचे चित्रात बसतात. त्याहून वाईट म्हणजे इंटरलेसिंग न काढताच आकार वाढवणं. तसं केलं की दोन फील्डच्या ओळी एकमेकांत मिसळतात आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला त्या स्वच्छ वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून आधी डीइंटरलेस, म्हणजे ती गुंफण सोडवणं, मग आकार. हँडब्रेक हा क्रम आपोआप पाळतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हालाच पाळावा लागतो.

या टप्प्यावर माझा बराच काळ गेला, कारण जिकडेतिकडे एकच सल्ला मिळायचा: ‘डीइंटरलेस चालू करा आणि २५ फ्रेमवर एक्सपोर्ट करा.’ हा सल्ला मला मान्य नाही. त्यात दाते जातात, पण कॅमेऱ्याने टिपलेल्या हालचालीचे निम्मे क्षणही जातात. नवरीने मान वर केली, अक्षता उडाल्या, कुणी वळून हसलं, हे सगळं किंचित अडखळत दिसतं. घरच्यांना कारण कळत नाही. ते एवढंच म्हणतात, ‘आपल्या टीव्हीवर बरं दिसायचं.’ त्यांचं बरोबर असतं.

प्रत्येक फील्डची स्वतंत्र फ्रेम करा. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला ब्वडिफ निवडा, नसेल तर याडिफ, आणि त्याचा प्रीसेट ‘बॉब’ ठेवा. इंटरलेस डिटेक्शन बंद करा, म्हणजे काही फ्रेम सुटणार नाहीत. व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ५० आणि ‘कॉन्स्टंट’. ३० किंवा ६० कधीच नको. ५० चं गणित त्यात बसत नाही आणि चित्र ठरावीक अंतराने धक्का खातं.

पूर्ण लग्न एक्सपोर्ट करण्याआधी भरपूर हालचालीचा एक तुकडा काढून बघा. माणसं एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी थरथरताना दिसली, तर फील्डचा क्रम उलटा वाचला गेला आहे. मिनी-डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. कॅप्चर कार्डातून घेतलेल्या व्हीएचएसमध्ये बहुतेकदा वरचं. क्रम बदला आणि पुन्हा तोच तुकडा काढा. स्तब्ध बसलेल्या पाहुण्यांच्या दृश्यावर ही चाचणी घेऊ नका, त्यात काहीच कळत नाही.

आता आकार. यूट्यूब ५० फ्रेम फक्त ७२० ओळी आणि त्यापुढच्या दर्जात दाखवतं. ५७६ ओळींची फाइल दिलीत तर वरची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून बाजूंचे ८-८ पिक्सेल कापा (व्हीसीडी असेल तर नको), ॲनामॉर्फिक बंद करा, अपस्केलिंगला परवानगी द्या आणि १४४० × १०८० ठेवा. याने नवे बारकावे येत नाहीत, पण यूट्यूब मोठ्या चित्राला जास्त बिटरेट, म्हणजे सेकंदाला जास्त डेटा, देतं, त्यामुळे गुलाल आणि कृष्णेचं पाणी चौकोनी ठोकळ्यांत फुटत नाही. व्हीएचएसमध्ये तळाशी वळवळणारी पट्टी असते, तीही कापा, आणि त्याच प्रमाणात बाजूंनी थोडं जास्त.

१६:९ करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. हे चित्र ४:३ चं आहे. ताणलं की माणसं फुगतात, वर-खाली कापलं की फेटे आणि हातातले हार जातात. मी पाहिलेल्या एका लग्नाच्या फाइलमध्ये दुकानदाराने सगळं असं ताणलं होतं. आजोबा घरच्यांनाही ओळखू येईनात. बाजूला काळ्या पट्ट्याही स्वतः जोडू नका, प्लेअर ती जागा आपणच सोडतो.

बाकीचं सोपं आहे. एमपी४, एच.२६४, कॉन्स्टंट क्वालिटी १८, वेब ऑप्टिमाइझ्ड चालू. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, ३२० केबीपीएस. शार्पनिंग नको. व्हीएचएस फारच मुंग्यांनी भरलेली असेल तर डीनॉइझ अगदी हलका. चेहरे ‘सुधारून’ देणारी एआय साधनं घरच्या व्हिडिओला लावू नका. ती आजीच्या चेहऱ्यावर तिचे नसलेले डोळे बसवतात.

चढवताना ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यांनाच दिसेल. वरातीच्या बँडवर किंवा शूटिंगवाल्याने मागे जोडलेल्या सिनेमाच्या गाण्यांवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, तेव्हा लिंक नातेवाइकांना पाठवण्याआधी यूट्यूबच्या कॉपीराइट तपासणीचा निकाल बघा. चढवल्यावर काही वेळ फक्त कमी दर्जाच दिसतो. १०८० चा पर्याय आल्याशिवाय चित्राबद्दल मत बनवू नका. फाइल व्हॉट्सॲपवर द्यायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून द्या. आणि कॅसेटवरून उतरवलेली मूळ इंटरलेस्ड फाइल पुसू नका, दुसऱ्या डिस्कवरही तिची एक प्रत ठेवा.