आफ्रिकेच्या बंदरात ड्युटी: पुण्यातल्या नर्सने हॉस्पिटल-जहाजावर कसं जावं

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न टाकला, "दवाखाना जहाजावर? आणि बुडालं म्हणजे?" त्यांची समजूत काढता काढता माझ्याच डोक्यात चित्र स्वच्छ झालं. हॉस्पिटल-जहाज समुद्रात भटकत नसतं. ते एखाद्या बंदराला दोरखंडांनी बांधून दहा-दहा महिने उभं असतं आणि पेशंट धक्क्यावरून चढून वर येतात. खरे हेलकावे बसतात ते आधी, पुण्यात. रजा, कागद आणि घर या तिघांचे. म्हणून या लेखात जहाज कमी आणि पुणं जास्त आहे.

आधी संस्था नीट ओळखा

या क्षेत्रात सगळ्यात मोठं नाव मर्सी शिप्सचं. 1978 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेली ही संस्था आफ्रिकेतल्या देशांत जहाजावर मोफत शस्त्रक्रिया करते. त्यांचं 'आफ्रिका मर्सी' म्हणजे पूर्वी डेन्मार्कमध्ये रेल्वेचे डबे वाहून नेणारी फेरी. 'ग्लोबल मर्सी' मात्र मुद्दाम हॉस्पिटल म्हणूनच बांधलेलं: 174 मीटर लांब, 6 ऑपरेशन थिएटर, सुमारे 200 खाटा. गलगंड, जबड्याच्या गाठी, दुभंगलेले ओठ, भाजून आखडलेले हात, लहान मुलांचे वाकडे पाय, हर्निया, मोतीबिंदू, बाळंतपणात अडून झालेले फिस्टुला (लघवी सतत गळत राहील असं आत पडलेलं छिद्र) अशी कामं असतात. आपल्याकडे वेळेत निघून जाणारी गाठ तिथे वर्षानुवर्षं वाढून चेहऱ्याएवढी झालेली दिसते.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट असू द्या. ही संस्था ख्रिस्ती श्रद्धेवर उभी आहे. पेशंटला धर्म विचारला जात नाही, पण सेवकांकडून काय अपेक्षा आहेत ते अर्जाआधी वाचून, आपल्याला रुचतं का हे स्वतःशी ठरवा. दुसरं, पगार नाही. विमान, व्हिसा, विमा, लसी हे सगळं आपल्या खिशातून. राहण्या-जेवणाचा काही आकार आहे का, तेही सुरुवातीलाच विचारून घ्या, नाहीतर हिशेब नंतर कोलमडतो. आणि "जहाजावर नर्सची नोकरी लावून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. अर्ज थेट संस्थेकडेच करायचा असतो.

आपण बसतो का

नोंदणीकृत नर्स, किमान दोन वर्षांचा आणि अलीकडचा अनुभव, आणि कामापुरतं इंग्रजी. फाडफाड बोलता येण्यापेक्षा हॅंडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती, न अडखळता देता येणं महत्त्वाचं. वॉर्ड, ओटी (ऑपरेशन थिएटर), रिकव्हरी, आयसीयू, लहान मुलं, नेत्र अशा प्रत्येक खात्याची गरज वेगळी असते आणि किती आठवडे थांबायचं तेही खात्यानुसार बदलतं. शिकून दोन-चार महिने झालेल्या मुली मला विचारतात तेव्हा मी सरळ सांगते: आधी एखाद्या सर्जिकल वॉर्डात घासून काम कर. तिथे शिकवायला कोणाला वेळ नसतो.

कागद: इथे सर्वाधिक वेळ जातो

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. आपली संपत आली आहे का ते आजच बघा. मला तारीख संपल्याचं अर्ज भरताना कळलं, आणि मुंबईचा एक हेलपाटा त्यातच गेला. परदेशी संस्थेला नोंदणी चालू असल्याचा आणि तुमच्याविरुद्ध तक्रार नसल्याचा दाखला लागू शकतो. तोही परिषदेकडूनच मिळतो. घाईच्या आठवड्यात मागायला जाऊ नका.

दुसरी अडचण खास आपली. जीएनएमच्या (नर्सिंगच्या) डिप्लोमावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लग्नात नावच बदललं असेल तर पहिलं नावसुद्धा वेगळं. मधल्या नावात एकीकडे वडील, दुसरीकडे नवरा. परदेशातल्या माणसाला या तीन बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आधी तो काढा. पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. सगळ्याच्या स्पष्ट स्कॅन केलेल्या प्रती एका फोल्डरमध्ये असू द्यात.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने तरी हवी. नूतनीकरण मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतं. पोलीस पडताळणीचे दिवस धरूनच आखणी करा. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं तर त्याचा अर्जही पासपोर्टच्याच पोर्टलवर करायचा.

आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं. पुण्यातल्या एका जुन्या हॉस्पिटलने माझी बॉंडच्या नावाखाली कपाटात ठेवून घेतली होती आणि परत मिळायला सात आठवडे लागले. तुमची कुठे अडकली असतील तर अर्जाच्याही आधी ती सोडवा. लेखी मागा आणि पोच घ्या.

रजा

बिनपगारी रजा मागायची तर ड्युटी-चार्ट लागायच्या कितीतरी आधी मेट्रन मॅडमच्या समोर उभं राहायचं, आणि हातात तारखा घेऊनच. "मॅडम, पुढच्या वर्षी कधीतरी जायचं म्हणते" असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: बघू. मी आठ आठवड्यांच्या नेमक्या तारखा, माझ्या जागी नाइट करायला तयार असलेल्या दोघींची नावं आणि संस्थेचं पत्र असं घेऊन गेले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या चार नाइट परत आल्यावर मला देशील." दिल्या. राजीनामा देऊन जायचं असेल तर नोटीस पिरियड आणि अनुभवाचं पत्र दोन्ही सुटता कामा नये.

लसी

पश्चिम आफ्रिकेतल्या देशांसाठी पिवळ्या तापाची लस हवीच. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते. तिथे ठराविक वार असतात, म्हणून आधी फोन करा. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. भारतात परतताना ते नसेल तर विमानतळावरून घरी जायच्याऐवजी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस आपण सगळ्यांनीच घेतलेले असतात, पण अँटीबॉडीची पातळी किती आहे हे बहुतेकींना माहीत नसतं. ती रक्ततपासणी करून घ्या. टीबीसाठीची मांटू ही त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका. इथल्या वॉर्डांत वर्षं काढलेल्या नर्सची ती येणं नवलाचं नाही, पण छातीचा एक्स-रे काढून अहवाल जोडा. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या कुठल्या घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही चालू ठेवाव्या लागतात.

हात तयार करा

मशीन चालवण्यापेक्षा तिथे जुनी, हाताची नर्सिंग जास्त लागते. जबड्याच्या ऑपरेशननंतरचं रायल्स ट्यूबचं (नाकातून पोटात घातलेल्या नळीचं) फीडिंग, लहान मुलाला कॅन्युला (शिरेत सलाइनची सुई) लावणं, स्किन ग्राफ्टचं ड्रेसिंग, प्लास्टरमधल्या पायाच्या बोटांचा रंग बघणं. यातलं जे तुमच्या वॉर्डात होत नाही ते दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून घ्या. औषधांच्या बाबतीत ब्रँडचं नाव विसरा आणि मूळ नाव पाठ करा. सोबतीला असलेली नेदरलँड्सची किंवा ऑस्ट्रेलियाची नर्स आपल्या कंपन्यांची नावं ओळखत नाही. तिचा पॅरासिटामॉलचा हिशेब मिलिग्रॅम पर किलोमध्येच असतो.

आपला रक्तगट आणि हिमोग्लोबिनही बघून ठेवा. जहाजावर रक्तपेढीची फ्रीजं भरलेली नसतात. गरज पडली की क्रूमधल्याच कोणाला तरी बोलावून रक्त घेतात. पुण्याहून 9 हिमोग्लोबिन घेऊन जाणारी सिस्टर तिथे कामाची नाही.

तिथे पोचल्यावर

केबिन वाटून घ्यायची असते, बंक-बेड असतो आणि पाणी जपून वापरायचं असतं. होस्टेलमध्ये राहिलेल्यांना हे नवीन नाही. एसी चोवीस तास चालू, म्हणून स्वेटर न्या. आगीचा सराव वरचेवर होतो. भोंगा वाजला की आपली जागा कुठली ते पहिल्याच दिवशी चालत जाऊन बघा. हॉस्पिटलच्या मजल्यावरून वर जाणारे जिने पहिले दोन दिवस सारखेच दिसतात.

पेशंटशी बोलायला स्थानिक दुभाषे असतात, पण चार शब्द स्वतः शिकलात तर वॉर्ड आपला होतो. सिएरा लिओनमध्ये क्रिओ बोलतात. "हाऊ दि बॉडी?" म्हणजे कसं काय. उत्तर, "दि बॉडी फाइन." ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी जबड्याला टाके असलेला माणूससुद्धा हाताने तेच सांगतो.

परदेशी जाणं जमणार नसेल तर देशातही वाट आहे. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या चरांवर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटांवर, 2005 पासून बोट क्लिनिक चालतात आणि त्यांना नर्स लागतात. 1991 मध्ये मुंबईहून सुटलेली लाइफलाइन एक्स्प्रेस म्हणजे रुळांवरचं हॉस्पिटल, एकेका स्टेशनात काही आठवडे मुक्काम करून ऑपरेशनं करतं.

जहाजावरच्या नाइटसाठी एक सूचना. खाटांची दाटी असते, म्हणून नातेवाईक पेशंटच्या पलंगाखालीच गादी टाकून झोपतात. आपल्या सरकारी दवाखान्यात पाहिलेलंच दृश्य. रात्री दोनला बीपी घ्यायला जाताना टॉर्च आधी जमिनीवर मारा. पहिल्याच नाइटला मी एका बापाच्या बोटांवर पाय दिला. तो उठला, मुलीकडे बघितलं, ती झोपलेली आहे याची खात्री केली आणि मग मला हळूच म्हणाला, "हाऊ दि बॉडी, सिस्टर?"