कोऱ्या चहाचा उतारा: डोळे, केस आणि पायांसाठी

अंगाला लावायचा चहा कोराच हवा. दूध नको, साखर नको, आलं-वेलची तर अजिबात नको. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घरीच पार्लर चालवते. सकाळच्या चहाचा गाळणीत राहिलेला चोथा धुऊन डोळ्यांवर ठेवते असं कुणी सांगितलं, की मी हात जोडून नको म्हणते. त्यात दुधाची साय आणि साखरेचा चिकटा राहतो, आल्याने पापणी चुरचुरते. नवी पावडर घ्या, चमचाभर लागते.

चहा लावण्याचा उपयोग काय, ते आपल्या कोल्हापुरी चपलेवरून चटकन कळतं. चपलेचं कातडं परंपरेने बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. त्या दोन्हीत जो तुरटपणा आहे, टॅनिन म्हणतात तो, तोच चहातही असतो. जिभेवर कोरा चहा तुरट लागतो, तसा तो कातडीवरही ओढ धरतो. पायाचा घाम त्यानेच कमी होतो. पण कोरडी त्वचा आणखी कोरडी होते ती त्यानेच. म्हणून चहा रोज तोंडाला फासायची वस्तू नाही.

डोळ्यांपासून सुरू करते. जागरणाने किंवा रडून डोळे सुजले असतील तर दोन टी-बॅग गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवा, पिळा, वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवा. टी-बॅग नसेल तर मलमलच्या कापडात चमचा-चमचा पावडर घालून दोन पुरचुंड्या बांधा. चांगल्या गार झाल्या की डोळे मिटून दहा मिनिटं ठेवायच्या. चहातलं कॅफिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, गारव्याने सूज बसते. आधी लेन्स काढा आणि पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. आईकडूनच आलेली काळी वर्तुळं मात्र याने जाणार नाहीत, त्या आशेवर आठवडे घालवू नका.

केसांसाठी दोन कप पाण्यात दोन मोठे चमचे पावडर पाच मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण गार करा. शाम्पू झाल्यावर हे पाणी केसांवर ओता, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग साध्या पाण्याने धुवा. चमक येते, रंग जरा गडद दिसतो, पण तो एकदोन धुण्यांत उतरतो. आठवड्यातून एकदाच करा. खांद्यावर जुना पंचा घ्या, पांढऱ्या टॉवेलवरचे चहाचे डाग निघता निघत नाहीत.

मेंदी भिजवायची असेल तर हेच पाणी लोखंडी कढईत उकळा, स्टीलच्या पातेल्यात नको. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की पाणी काळं पडतं. जुन्या काळी हिरड्याची शाई याच गुणावर होत असे. पाणी कोमट झालं की त्यात मेंदी कालवून रात्रभर झाकून ठेवा. पांढऱ्या केसांवर नुसत्या मेंदीचा भगवा रंग येतो, या मेंदीचा तपकिरीकडे झुकतो. पाकिटावर ‘काळी मेंदी’ लिहिलेलं असेल तर घटक वाचा. पीपीडी हे केस काळे करणारं रसायन असेल तर काहींच्या डोक्याला फोड येतात, डोळेही सुजतात.

आता पाय. शाहू स्टेडियमवर खेळून घरी येणाऱ्या पोरांच्या बुटांचा वास ज्या घरात येतो, त्या घराने हे कराच. अर्धा लिटर पाण्यात तीन चमचे पावडर पंधरा मिनिटं उकळा, गाळून दीड-दोन लिटर कोमट पाण्यात मिसळा, घमेल्यात घाला. पाय वीस मिनिटं बुडवून ठेवायचे आणि बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे पुसायचे. आठवडाभर रोज केलं की फरक कळतो. बूट मात्र उन्हात वाळवले पाहिजेत, मोजे रोज बदलले पाहिजेत. भेगांतून रक्त येत असेल, चिखल्या झाल्या असतील किंवा घरातल्या कुणाला मधुमेह असेल, तर घमेलं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना पाय दाखवा.

चेहऱ्यासाठी एवढंच: उन्हाने लाल झालेल्या गालांवर गार कोऱ्या चहात बुडवलेला मऊ कपडा दहा मिनिटं ठेवा, बरं वाटतं. टॅन जाईल असं मी कुणाला सांगत नाही. चहात लिंबू पिळून लावू नका. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर काळे डाग उठतात, आणि इथल्या एप्रिलच्या उन्हात ते उठायला वेळ लागत नाही. कोरड्या पावडरीने चेहरा घासू नका. ते दाणे कोपर-टाचेसाठी ठीक, गालासाठी फार खरबरीत.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं पाणी लावून एक दिवस वाट बघायची. खाज आली तर सोडून द्या. गाळलेलं पाणी झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. आंबूस वास आला की ओतून टाका. आणि हो, बाटलीवर ‘पिऊ नये’ असं लिहून ठेवा. घरातलं कुणीतरी कोल्ड टी समजून पिऊन टाकतं.