साखरेचा सेन्सर लावलाय? मग या चुका टाळा

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळलं: २६.४ टक्के. दंडावर सेन्सरची गोल चकती लावून मोबाइलवर साखर बघणं आता इथेही सुरू झालंय. फायदा मोठा आहे, पण तो आकडा नीट वाचायला हवा.

सगळ्यांत धोक्याची चूक म्हणजे त्याला रक्तातली साखर समजणं. सेन्सर मोजतो कातडीखालच्या द्रवातली साखर, आणि ती रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे असते. साखर ७०च्या खाली गेली, तुम्ही १५ ग्रॅम ग्लुकोज घेतलं, पाव तासाने मोबाइल अजून ६२च दाखवतोय. घाबरून पुन्हा गोड खाल्लं तर दोन तासांनी साखर नको तितकी वर. अशा वेळी बोट टोचून रक्ताच्या मीटरवरच बघा. चक्कर, थरथर जाणवतेय आणि सेन्सर सगळं ठीक म्हणतोय, तरीही बोटच टोचा.

उलट चूक जेवणानंतर होते. शितकडी जेवल्यावर आकडा चढताना दिसतो आणि माणूस इन्सुलिनचा आणखी एक डोस घेतो. आधीच्या जलद इन्सुलिनचा अंमल साधारण चार तास असतो. डोसावर डोस चढला की मध्यरात्री साखर कोसळते. जादा डोस कधी घ्यायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. नुसता आकडा बघू नका, बाजूचा बाणही बघा. ११० आणि बाण सरळ खाली असेल तर तेव्हा स्कूटर काढायची नाही.

रात्री सेन्सरच्या बाजूच्या कुशीवर झोपलं की सेन्सर दाबला जातो आणि खोटा कमी आकडा येतो. पण तेवढ्यासाठी साखर कमी झाल्याचा मोबाइलवरचा अलार्म बंद करू नका. कूस बदला, बोटाने खात्री करा.

आपल्या दमट हवेत चकती निघते, त्याचं कारण पुष्कळदा खोबरेल असतं. जागा साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळल्यावरच लावा. नवे सेन्सर उन्हातल्या गाडीत ठेवू नका. विटामिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, काही सेन्सर त्यामुळे साखर जास्त दाखवतात.

आणि बोट टोचण्याआधी हात धुवा. मानकुराद आंबा सोललेल्या बोटावर मीटरही खोटं बोलतो.