ट्राउटसाठी तीर्थनला निघालात? गळाच्या सवयीतून होणाऱ्या या चुका टाळा

ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की त्याला सोसत नाही, म्हणून पंचगंगेत किंवा भोगावतीत तो मिळायचा नाही. त्यासाठी हिमाचल गाठावं लागतं. कोल्हापूरकरांना मी कुल्लू जिल्ह्यातलं तीर्थन खोरं सुचवतो. मनालीच्या बसनं औटच्या बोगद्याआधी उतरायचं आणि बंजारमार्गे गुशैणीकडे जायचं.

एवढ्या लांब जाऊन हात हलवत परतणाऱ्यांच्या चुका पाहिल्या, तर बहुतेकींचं मूळ एकच दिसतं. आपण थांबलेल्या पाण्यावर शिकलेलो असतो. पावसाळा सरला की आपल्याकडच्या बंधाऱ्यांना बरगे बसतात आणि पुढचे कित्येक महिने नदीचं तळं होतं. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावायचं, गळ टाकायचा आणि बसून राहायचं. मासा फिरत फिरत येतो. ट्राउट असा येत नाही. तो प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि वाहत येणारं खाणं टिपतो. एकाच दगडावर दिवसभर बसलात, तर त्याची नि तुमची गाठच पडणार नाही.

उभं राहायची जागा

ट्राउटला आमिष म्हणून फ्लाय, म्हणजे हुकावर पिसं-धागे बांधून केलेला नकली किडा, वापरतात. बरेच जण ती थेट धारेच्या मध्यावर टाकतात. तिथं टिकून राहायला माशाला फार जोर खर्चावा लागतो, म्हणून तो खडकाच्या आडोशाला, काठाखालच्या खोलगट भागात किंवा वेगवान आणि संथ पाणी एकमेकाला घासतं त्या रेषेवर असतो. आधी पाच-दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. मग खालच्या अंगानं, म्हणजे त्याच्या पाठीमागून, वर सरका. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. आणि आधी पायाजवळचं पाणी तपासा! काठालगतचा मासा पायांनी उठवायचा आणि मग पलीकडच्या काठावर फ्लाय फेकायची, हे फार घडतं.

फेक

गळाला शिसं असतं, ते दोर ओढत नेतं. फ्लायला जवळजवळ वजनच नसतं. वजन लाईनचं, म्हणजे रिळावरच्या जाड दोरीचं असतं आणि तीच फ्लायला पुढं नेते. त्यामुळे खांद्याचा जोर इथं कामाचा नाही. रॉड मागं नेल्यावर लाईन पाठीमागं सरळ होईपर्यंत थांबावंच लागतं. मागून चाबकासारखा फटकारा ऐकू आला, तर तुम्ही घाई केलीत. लगेच टोक बघा, फ्लाय तुटून गेलेली असू शकते. लीडरवर, म्हणजे लाईन आणि फ्लाय जोडणाऱ्या बारीक धाग्यावर, छोट्या गाठी पडत असतील तर दोष वाऱ्याचा नाही. पुढं आणताना एकदम हिसका दिला जातोय. अशी गाठ दिसली की तो धागा बदला, कारण नेमका तिथंच तो तुटतो.

ही तयारी इथंच करता येते. गावाकडच्या मोकळ्या रानात किंवा सकाळी कळंब्याच्या तलावावर, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून फेका. तीर्थनवर दहा मीटरच्या नेमक्या फेकीनं काम भागतं. त्याहून लांबची हौस नको.

मासा येतो, बघतो, परत जातो

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथं लोक फ्लायला दोष देत डबीतल्या सगळ्या फ्लाय बदलून बघतात. खरा घोटाळा ओढीचा असतो. तुमच्या आणि माशाच्या मध्ये वेगवेगळ्या वेगाच्या धारा असतात. मधली धार लाईनला पोट काढते आणि फ्लाय आजूबाजूच्या फेसापेक्षा जोरात सरकते. खरा किडा असा पळत नाही, आणि ट्राउटला ते कळतं. उपाय असा: लाईन पाण्यावर पडताच रॉडच्या टोकानं ते पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. एक-दोन पावलं सरकून मधल्या धारा कमी करता आल्या, तर आणखी चांगलं. फ्लाय फेसाच्याच वेगानं वाहतेय का, एवढं डोळ्यांनी तपासा.

तरीही जमलं नाही, तर खोली बदला. ट्राउट बहुतेक खाणं पाण्याखालीच घेतो, म्हणून वर कुणी उसळत नसेल तर तरंगती फ्लाय काढून वजनदार निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी बुडणारी फ्लाय, तळाजवळून वाहू द्या. नदीतला एखादा दगड उलटा करा. त्याला चिकटलेल्या किड्यांएवढी फ्लाय निवडा. रंगाचा विचार त्यानंतर.

लागलेला मासा तुटतो

मरळीला देतो तसा हिसका इथं चालत नाही. टिपेट म्हणजे लीडरचा फ्लायकडचा सगळ्यात बारीक धागा, आणि 5एक्स जाडीचं टिपेट जेमतेम 0.15 मिलिमीटर जाड असतं. रॉड नुसता उचला. मासा पळाला तर रिळावरून लाईन सुटू द्या. गाठ आवळण्यापूर्वी ओली करायला विसरू नका, कोरडी गाठ घासून कमजोर होते.

पंचगंगेत पोहायला शिकलेल्यांना एक कळकळीची विनंती. बर्फाच्या पाण्यात पोहण्याच्या भरवशावर उतरू नका. गारठ्यानं श्वास अडकतो, गुळगुळीत गोट्यांवर पाय ठरत नाही. गुडघ्यापर्यंतच उतरा, हातात काठी ठेवा. मे-जूनमध्ये दुपारनंतर वितळलेल्या बर्फानं पाणी चढतं आणि गढूळ होतं, म्हणून सकाळ साधा.

मासा सोडायचा असेल तर हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून घ्या आणि हात ओले करूनच त्याला धरा. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फोटो काढण्यासाठी त्याला वाळूवर ठेवू नका.

राहिला परवाना. तो हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंडी घालण्याच्या काळात ट्राउटची मासेमारी बंद असते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीतला बेत तारखा बघूनच आखा. पावसाळ्यातले गढूळ महिने टाळून मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा.