१८ पौंडर तोफेसाठी घोडे आणि ड्रायव्हर कसे तयार करायचे (ब्रिटिश पद्धत, १९१४ च्या आसपास)

फील्ड आर्टिलरी (मैदानी तोफखाना) म्हटलं की सगळे तोफेबद्दलच बोलतात, पण १८ पौंडर (साधारण १८ पौंडी गोळा टाकणारी तोफ) आणि तिचा लिंबर (म्हणजे दारूगोळ्याची दुचाकी गाडी) मिळून वजन जवळपास २ टन, आणि ते चिखलातून ओढणार सहा घोडे, त्यामुळे सुरुवात पागेतून करायची.

आधी तीन जोड्या लावा. तोफेजवळच्या व्हील जोडीला सगळ्यात दणकट आणि शांत घोडे द्या, कारण गाडीची दांडी त्यांच्या मधे असते आणि उतारावर मागचा रेटा त्यांच्याच अंगावर येतो. पुढच्या लीड जोडीला चपळ, न बुजणारे घोडे हवेत. मधली सेंटर जोडी सगळ्यात सोपी, नवखा घोडा आणि नवखा ड्रायव्हर तिथेच घाला. ड्रायव्हर गाडीवर बसत नाही बरं का, जोडीतल्या डाव्या घोड्यावर मांड टाकून तो उजवाही सांभाळतो, म्हणून त्याच्या उजव्या पायाला गार्ड बांधतात, नाहीतर पाय दांडीत चेंगरतो.

पोरांची मांड पक्की करायला रिकिबी काढून घ्या, हाताची घडी घालायला लावा आणि दुडक्या चालीत गोल फिरवा. १९१४ ला युद्धमंत्री किचनरने उभारलेल्या स्वयंसेवकांच्या नव्या फौजेत घोडे पुरत नव्हते तेव्हा लाकडी घोड्यांवर चढ-उतार शिकवली, तेवढ्यापुरतं ते चालतं, पण तोल जिवंत घोड्यावरच येतो.

नवा घोडा लगेच तोफेला जुंपू नका. आधी नुसता साज चढवून फिरवा, मग जुन्या शहाण्या घोड्याच्या जोडीला लावा, मग ओंडका, मग रिकामा लिंबर, सगळं संथ चालीनेच, आणि निघताना सहाही घोड्यांचे ओढपट्टे ताणले गेल्याशिवाय चाक हलता कामा नये, एकाने आधी हिसका दिला की पट्टा तरी तुटतो नाहीतर घोडा कायमचा अडेल होतो. आवाजाची सवय तोबरा तोंडाला असतानाच लावा, बार आधी लांबून, मग रोज थोडा जवळून, आणि शेजारी तोफेला सरावलेले घोडे बांधा.

रोज साज उतरवल्यावर जिथे पट्टा घासतो तिथे हात फिरवून बघा. केस उलटे फिरलेत, कातडी गरम लागतेय, घोडा अंग चोरतोय, म्हणजे उद्या तिथे जखम होणार, आजच पॅड बदला. मला विचाराल तर ड्रायव्हरची खरी परीक्षा इथेच आहे. पाणी आधी, चंदी नंतर, आणि चंदी थोडी थोडी तीन-चार वेळा, घोड्याचं पोट लहान असतं. खरारा चुकवायचा नाही.

एवढी मेहनत कशाला, तर २६ ऑगस्ट १९१४ ला फ्रान्समधल्या ल काटोच्या लढाईत ३७व्या बॅटरीच्या (तोफांच्या तुकडीच्या) हॉवित्झर, म्हणजे गोळा उंच फेकणाऱ्या आखूड तोफा, सोडवायला कॅप्टन रेनॉल्ड्स घोड्यांच्या दोन टीम घेऊन शत्रूच्या गोळीबारात भरधाव गेले, एक टीम मारली गेली पण एक हॉवित्झर परत आली, आणि ड्रेन आणि ल्यूक या ड्रायव्हरनाही व्हिक्टोरिया क्रॉस (शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक) मिळाला. ओढपट्टे कसे ताणायचे हे तिथे सांगायला कोणी नसतं.

तोफेवरच्या सहा जणांना त्यांचं काम (ब्रीच म्हणजे तोफेचं मागचं झाकण उघडणं-लावणं, नेम, गोळा भरणं, गोळ्याचा फ्यूज लावणं) शिकवून झालं की नंबर, म्हणजे प्रत्येकाचं काम, आपसात बदला. नेम धरणारा पडला तर शेजारच्याला त्याची जागा न सांगता घेता आली पाहिजे.