रॉबर्ट विल्यम्स यांची चित्रे कशी पाहावीत

रॉबर्ट विल्यम्स या अमेरिकन चित्रकाराचे चित्र पहिल्यांदा समोर येते तेव्हा नजर त्यातील दचकवणाऱ्या गोष्टींवरच खिळते: हिंसा, नग्नता, अक्राळविक्राळ चेहरे आणि अंगावर येणारे रंग. तेवढ्यावरून मत बनवून पुढे जाणारे पुष्कळ असतात, आणि चित्राचा खरा ऐवज त्यांच्या हातून निसटतो. म्हणून चित्रात काय घडते आहे हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवावा आणि ते कसे रंगवले आहे याकडे आधी लक्ष द्यावे. विल्यम्स यांचे विषय कितीही बेबंद असले, तरी त्यांच्या उत्तम चित्रांतील रंगकाम अत्यंत शिस्तीचे आहे, आणि त्या शिस्तीचे मूळ मोटारींच्या जगात आहे.

त्यासाठी थोडी पार्श्वभूमी लागते. विल्यम्स यांचा जन्म 1943 मध्ये न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे झाला. अलाबामातील माँटगोमेरी येथे त्यांच्या वडिलांचे ड्राइव्ह-इन रेस्टॉरंट होते आणि तेथे हॉट रॉडवाल्यांची, म्हणजे जुन्या गाड्या बदलून वेगवान करणाऱ्या शौकिनांची, ये-जा असे. 1963 मध्ये ते लॉस एंजेलिसला आले आणि 1965 मध्ये ‘बिग डॅडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एड रॉथ यांच्या स्टुडिओत कलादिग्दर्शक झाले. जुन्या फोर्ड गाड्यांचे, विशेषतः 1932 च्या मॉडेलचे, मडगार्ड काढून टाकायचे, छत कापून खाली आणायचे, ताकदवान इंजिन बसवायचे आणि मग त्या यंत्राला दागिन्यासारखी झिलई द्यायची, असा हा हॉट रॉडचा छंद दक्षिण कॅलिफोर्नियात फोफावला होता. रॉथ त्या जगातले मोठे नाव होते. त्यांच्या टी-शर्टांवर बटबटीत डोळ्यांचे, जीभ बाहेर काढलेले राक्षस गिअरची दांडी मुठीत धरून गाडीच्या टपातून बाहेर उसळलेले दिसत; ‘रॅट फिंक’ हा उंदीर त्यांतला सर्वांत प्रसिद्ध.

आता चित्राकडे वळून त्यातील क्रोम, म्हणजे धातूवरचे आरशासारखे चकचकीत आवरण, शोधावे. बंपर, इंजिनाचा भाग, एखाद्या यंत्रमानवाचा हात, काहीही चालेल. क्रोमला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. ते रंगवणे म्हणजे त्यात उमटलेले भोवताल रंगवणे. मोटारींच्या चित्रकारांची त्यासाठी एक ठरलेली रीत आहे. वर आकाशाची निळाई घ्यायची, ती खाली येताना फिकट होत पांढरी होऊ द्यायची, तेथे अचानक क्षितिजाची गडद, धारदार पट्टी आणायची आणि तिच्याखाली जमिनीचा तपकिरी रंग पुन्हा हळूहळू उजळत न्यायचा. पृष्ठभाग जसा वळेल तशी ती पट्टी वाकते, आणि ती नेमकी वाकली तरच डोळ्याला धातू पटतो. हे स्वतः अनुभवायचे असेल, तर स्टीलचा चमचा उघड्यावर नेऊन त्याच्या पाठीवरील प्रतिबिंब रंगीत पेन्सिलींनी कागदावर उतरवून पाहावे. त्यानंतर विल्यम्स यांच्या चित्रातील धातू पाहिला की त्यामागचे निरीक्षण किती कठोर आहे हे समजते. हीच झळाळी ते अनेकदा त्वचेला, दगडाला, पाण्यालाही देतात, आणि त्यांच्या चित्रातील जगाला येणारी विलक्षण तापलेली सजीवता बरीचशी यातूनच येते. 1970 च्या दशकातील तैलचित्रांत रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवण्याची जुन्या युरोपीय चित्रकारांची पद्धत त्यांनी वापरली. एकीकडे गॅरेज आणि दुसरीकडे जुने गुरू अशी ही जोड मला त्यांच्या कामातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

यानंतर चित्र कॉमिक्ससारखे वाचावे. 1954 च्या कॉमिक्स कोड या नियमावलीने अमेरिकेतील चित्रकथांवर कडक बंधने घातली होती. ती धुडकावून 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्ब यांनी ‘झॅप कॉमिक्स’ सुरू केले आणि 1969 मधील चौथ्या अंकापासून विल्यम्स त्याच्या चित्रकारांच्या गटात सामील झाले. तेथील त्यांची शाईची पाने दाट रेघांनी गच्च भरलेली आहेत. ही सवय कॅनव्हासवरही टिकली. फरक एवढाच की अनेक चौकटींची गोष्ट येथे एकाच चौकटीत कोंबलेली असते. म्हणून एखादी वस्तू हवेत अधांतरी दिसली, तर ती कोठून उडाली आणि कोठे आदळणार आहे हे शोधावे. कोपऱ्यातील लहान प्रसंग मुख्य घटनेच्या आधीचा आहे की नंतरचा, हे ठरवावे.

त्यांनी बऱ्याच चित्रांना तीन-तीन शीर्षके दिली आहेत: एक पंडिती थाटाचे, एक साध्या समजुतीसाठी आणि एक रांगड्या बोलीतले. ती आधी वाचू नयेत. स्वतःचा अर्थ लावून झाल्यावर तिन्ही वाचावीत आणि प्रत्येक वाचनानंतर पुन्हा चित्राकडे पाहावे, म्हणजे एकच दृश्य तीन निरनिराळ्या प्रेक्षकांपुढे कसे ठेवले आहे हे ध्यानात येते.

पाहण्याचा क्रम ‘झॅप’मधील पाने, मग 1970 च्या दशकातील तैलचित्रे आणि त्यानंतर पुढची कामे असा ठेवावा. 1980 च्या दशकात, पंक संगीताच्या वातावरणात, त्यांनी मुद्दाम झपाट्याने आणि मोकळ्या हाताने चित्रे केली. त्यांना झिलईची कसोटी लावणे अन्यायाचे ठरेल.

बाजूला ठेवलेला विषयाचा प्रश्न आता हाती घ्यावा. त्यांचे 1978 मधील एक चित्र 1987 मध्ये रॉक बँड ‘गन्स एन’ रोझेस’च्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर आले. त्यात लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली स्त्री असल्यामुळे विक्रेत्यांनी हरकत घेतली आणि चित्र आतल्या भागात हलवण्यात आले. स्त्रियांच्या चित्रणाबद्दलचे असे आक्षेप गंभीर आहेत आणि रंगकौशल्य हे त्यांचे उत्तर होऊ शकत नाही. लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयातील ‘हेल्टर स्केल्टर’ प्रदर्शनात 1992 मध्ये आणि न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या ‘व्हिटनी बिएनाले’ या द्वैवार्षिक प्रदर्शनात 2010 मध्ये त्यांची चित्रे लागली, म्हणूनही ते आक्षेप मिटत नाहीत. प्रत्येक चित्रापुढे वेगळा निर्णय करावा: चित्रातील स्त्रीला गोष्टीत काही कर्तृत्व आहे, की ती केवळ सजावट म्हणून ठेवली आहे? काही चित्रे या प्रश्नापुढे टिकतात, काही टिकत नाहीत, आणि न टिकणाऱ्या चित्रातील क्रोम सुंदर आहे असे म्हणण्यात कोणतीही विसंगती नाही.